काचेवरची रेघ

विरेशने चिमट्याने माशांच्या टाकीतून मेलेली कोळंबी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, बोटाच्या पेराएवढी. कालपर्यंत ती दगडाच्या कपारीतून मिशा हलवत होती. पंधरवड्यातली ही तिसरी. गोगलगायी तर सगळ्याच संपल्या होत्या, आणि जांभळं प्रवाळ चार दिवसांपासून मिटून बसलं होतं. दोन नारंगी मासे तेवढे काही घडलंच नसल्यासारखे फिरत होते.

"आज किती गेले?" मागून त्याच्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं.

"एक."

अप्पा काचेकडे बघून आपल्या खोलीत निघून गेले. खाई त्याला खवखवे, विरेशच्या मनात आलं. रोज सकाळी हा प्रश्न अप्पाच विचारायचे, घरातलं दुसरं कुणी विचारत नसे.

जिथे नळाला पाणी आठवड्याने येतं, त्या धाराशिवमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला लोक हसणारच. विरेशने ती हौस दोन वर्षं नेटाने केली होती. फिल्टरचं पाणी, त्यात मोजून मीठ, एकेक प्रवाळ पुण्याहून मागवलेलं. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन टाकीचं पाणी. रिपोर्ट नॉर्मल आला की याला आधी रिपोर्टचाच संशय यायचा. आता तर पाण्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते आणि जीव मरत होते.

आधी त्याने फरशी पुसायची बादली हुंगली. मग डास मारायचा स्प्रे अडगळीत टाकला. बायकोने टाकीजवळची धूळ झटकली तर तिला हात धुतलेत का म्हणून विचारलं.

"उद्या माझं रक्तसुद्धा तपासाल," शिवरंजनी म्हणाली.

मग त्याने काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारली. या दिवसांत रोज रेघेच्या जाडीएवढं तरी पाणी आटायला हवं. दोन दिवस झाले तरी पाणी रेघेलाच टेकलेलं होतं.

"कुणीतरी टाकीत काहीतरी ओततंय."

"कुणीतरी म्हणजे?" शिवरंजनीने विचारलं. विरेशने अप्पांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिने लाटणं खाली ठेवलं. "अहो, सासूबाईंना जाऊन वर्ष नाही झालं. काय मनात आणता?"

आई गेल्यावर त्यानेच अप्पांना उमरग्याकडच्या गावातून इथे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. आल्या दिवशी टाकी बघून अप्पा म्हणाले होते, "लिंगायताच्या घरात मासळी?" पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण विरेशने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मासे धडधाकट आणि कोळंबी, गोगलगायी जातायत? मग पाण्यात तांबं उतरतंय. या जिवांना ते थेंबभरही चालत नाही." कुरिअरने तपासणीचं औषध आलं. परीक्षानळीत तांब्याचा निळसर रंग चढला तेव्हा विरेशला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. एकदाचा पुरावा हाती आला.

अप्पा देवळात गेलेले बघून त्याने त्यांची खोली धुंडाळली. तारेचा तुकडा, जुनी नाणी, काहीतरी सापडेल म्हणून गादी उलटली, पत्र्याची पेटी उपसली. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला आईचा चष्मा निघाला. तो त्याने घाईने परत ठेवला. पूजेच्या कोनाड्याला मात्र हात लावला नाही. तेवढी भीड अजून शिल्लक होती.

"रविवारी अप्पांना गावी सोडून येतो," त्या रात्री तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

"एकट्यांना? तिथे चहा करून द्यायला तरी कोण आहे?"

"आधी खात्री करतो. मग तू बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याने जुना मोबाईल शोकेसमध्ये, बरण्यांच्या आड, चालू करून ठेवला. लॅबला निघताना तो सोबत नेला आणि दुपारी डबा बाजूला सारून चित्रण बघायला बसला.

पडद्यावर अप्पा आले. अंघोळ झालेली, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग दाराकडे. विरेशचे कान तापले. अप्पांनी टाकीचं झाकण दोन बोटांनी उचललं. हातात वाटी होती. तांब्याची, चिंचेने लख्ख घासलेली. लिंगाला स्नान घातलेलं पाणी त्यांनी बारीक धारेने टाकीत सोडलं आणि हात जोडले. ओठ हलले. विरेशने आवाज वाढवला.

"घ्या बाळांनो. तिच्या वाट्याचं हाय. बरं वाटंल."

त्याने मोबाईल पालथा ठेवला. डबा तसाच परत नेला.

संध्याकाळी तो अप्पांच्या खोलीत गेला. कोपऱ्यात पिशवी भरून ठेवलेली होती.

"अप्पा, पूजेचं तीर्थ कुठं ओतता तुम्ही?"

म्हातारा चोरी पकडल्यासारखा ओशाळला. "तुझी आई घ्यायची रोज. तू कालेजला गेल्यापासनं सोडलास. सूनबाईला कसं इचारू? आन् मोरीत वतावं तर पायदळी येतंय. हितं ना तुळस, ना झाड. म्हणून थोडं थोडं त्या पाण्यात सोडाया लागलो." त्यांनी बाहेरच्या टाकीकडे हात केला. "पयली गोगलगाय मेली तवा वाटलं, आजारी जीव हाय, तीर्थानं बरं हुईल. मागनं लईच मराया लागली, तवा म्या जास्त घालत गेलो. का रं? चुकलं का काय?"

विरेशच्या खिशातल्या मोबाईलमध्ये निळसर परीक्षानळीचा फोटो होता. गेले चार दिवस तो फोटो कुणाच्या तरी तोंडासमोर धरायची विरेश वाट बघत होता. "न्हाय अप्पा," त्याच्या तोंडून गावचा शब्द निघून गेला. "तुमचं काय चुकलं न्हाय."

सकाळी अप्पांची पूजा उरकली तेव्हा विरेश अंघोळ करून कोनाड्यासमोर बसला होता. अप्पा वाटी घेऊन उठायला लागले तसा त्याने उजवा तळहात पुढे केला. अप्पांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी पळीभर तीर्थ त्याच्या हातावर घातलं. ते पिऊन त्याने पुन्हा हात पुढे केला. पुन्हा. शिवरंजनी पदराला हात पुसत आली आणि तीही शेजारी बसली. वाटी रिकामी झाली.

"आता त्या मासळीला काय घालू?" अप्पांनी वाटी कलती करून बघितली.

"त्यांना पुरे झालं, अप्पा. रोज आम्हालाच देत जा."

"रोज कसं? रईवारी सोडणार हायस न्हवं मला? म्या ऐकलं तवाच पिशवी भरली."

विरेश ओला तळहात डोळ्यांवरून फिरवत उठला. खोलीत जाऊन त्याने पिशवी उघडली आणि आईचा चष्मा काढून पूजेच्या कोनाड्यात ठेवला.