बडीशेपेचं भांडण

यंदा ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी आईने भट्टी माझ्या ताब्यात दिली. आमच्या अंगणातला तो मातीचा ताताकुआ, घुमटासारखा, माझ्या आजीने बांधलेला. चिपा, म्हणजे आमचे चिजाचे छोटे पाव, भाजायचे ते त्यातच, आणि बुधवारीच, कारण गुरुवारी दुपारनंतर आमच्या पिराजु गावात कुणाच्या घरी चूल पेटत नाही. मग शनिवारपर्यंत सगळ्यांनी चिपाच खायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे तेही चिपाच.

खरं तर भट्टी मला तीन वर्षांपूर्वीच मिळायची होती. नाही मिळाली, कारण माझा फोन. बावन्न वर्षांची बाई मी, शिवणकाम करून घर चालवते, पण फोन हातात आला की कामातून जाते. भात करपला, दूध उतू गेलं, एकदा एका नवरीच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. देओलिंदा, म्हणजे माझी आई, हे सगळं गल्लीभर सांगून आली होती. त्याच बुधवारी संध्याकाळी माझी बहीण नीमिया पोराबाळांसकट ब्वेनोस आयरेसहून यायची होती. आईने स्पष्टच बजावलं होतं, तुला जमलं नाही तर पुढच्या वर्षापासून बेकरीतून आणू, आणि भट्टी मोडून तिथे पेरू लावू. ती भट्टी मोडलेली मला बघवली नसती. लहानपणी तिच्या उबेला पाठ टेकून मी अक्षरं गिरवलीत.

म्हणून पहाटेपासून राबले. मांडिओका कंदाचं पीठ, चीज, डुकराची चरबी, अंडी, आणि आमच्या घरची खूण म्हणजे मूठभर बडीशेप. लाकडं जाळली, निखारे ओढून काढले, ओल्या पाल्याने तळ झाडला, केळीच्या पानांवर चिपा आत सरकवले आणि भट्टीचं तोंड बंद केलं. आई म्हणाली, आता एक जपमाळ म्हण आणि शेवटच्या मण्याला उघड. तिने जन्मभर असंच मोजलं. मी म्हटलं, आता कोण मणी मोजत बसतंय, फोनवर गजर लावते की. आई घरात जाऊन आडवी झाली.

गजर लावायला फोन उघडला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो गजर मी अजून लावतेच आहे.

कुणीतरी चिपाचा फोटो टाकला होता. त्याखाली एन्कार्नासिओन शहरातल्या कुणा ओबदुलियाने लिहिलं होतं, बडीशेप घातली की चिपा राहत नाही, पोटदुखीचं औषध होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आजी, पणजी, सगळ्या काय औषधं विकत होत्या? मी तसं लिहिलं. तिने उलट लिहिलं. मी तिच्या चिजाचा उद्धार केला, तिने माझ्या अख्ख्या गावाचा. माणसं जमली, हसून गेली. एकाने माझी बाजू घेतली, त्याला मी तीन बदाम पाठवले. मी जिंकत होते, खोटं नाही सांगत. तेवढ्यात ओबदुलियाने लिहिलं, "थांबा हो बाई, इकडे काहीतरी जळतंय."

मी खो खो हसले. म्हटलं, बरी जिरली. मग वास आला. एन्कार्नासिओनचा वास पिराजुपर्यंत कसा येईल, असा विचार करण्यातही थोडा वेळ गेलाच.

अकराला पाच कमी होते. भट्टी उघडली तर आत नुसता कोळसा. मी तिथेच जमिनीवर बसले आणि भोकाड पसरलं. आई काठी टेकत आली, एक चिपा उचलून तिने भट्टीवर ठोकून पाहिला आणि कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि फडकं झाकलेली परात घेऊन आली. अर्धं पीठ होतं त्यात, मळलेलं.

"हे कधी काढून ठेवलंस?"

"पहाटेच. दर दोन मिनिटांनी हात पुसून फोन बघत होतीस तेव्हा."

"एवढं माहीत होतं तर भट्टी दिलीसच कशाला मला?"

"भट्टी तुलाच द्यायची होती," आई म्हणाली. "पीठ सगळं द्यायचं नव्हतं."

फोन तिच्या ॲप्रनच्या खिशात गेला. पुन्हा दोन तास लाकडं जाळली. चिपा आत गेल्यावर आम्ही दोघी भट्टीला पाठ लावून जपमाळ म्हणायला बसलो. मण्यांच्या तिसऱ्या दहाईला आईचा आवाज बसला, पुढचं मी एकटीने म्हटलं, ती नुसती मणी सरकवत राहिली. सकाळचा पाऊण तास कुठे गेला ते कळलं नव्हतं, ही वीस मिनिटं मात्र एकेक करून हाताला लागली. शेवटच्या मण्याला उघडलं. चिपा सोनेरी झाले होते. शेजाऱ्यांना यंदा एकेकच मिळणार होता, पण मिळणार होता.

आईने एक तोडून चघळला आणि पेरूचं पुढे बघू म्हणाली. मग खिशातून फोन काढला. त्या बाईला फोटो पाठव, म्हणाली. मी नको म्हटलं, मी परत तिथेच बसेन.

"दहा मणी देते," आई म्हणाली. "अकराव्याला फोन माझा."

ती मणी सरकवू लागली. मी फोटो पाठवला आणि खाली खरं तेच लिहिलं, माझेही जळले होते, आईने पीठ काढून ठेवलं होतं म्हणून निभावलं. ओबदुलियाचं उत्तर लगेच आलं. "माझी आई असती तर तिनेही ठेवलं असतं. खरं सांगू का, तीही बडीशेप घालायची."

आई सातव्या मण्यावर होती. मी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा तिच्या शेजारी भट्टीला टेकले.