नळीचं माप

खुशालराव पाटलांनी रायफल पोत्यातून काढून बंदुका दुरुस्त करणाऱ्या नत्थुजी जिनगराच्या पुढ्यात ठेवली, तसा नत्थुजीनं पोळल्यासारखा हात मागं घेतला.

"पुसून आनली हाय," पाटील म्हणाले.

पुसली होती खरी. पण पुसल्यानं काय जातं हो! महिन्यामागं हीच रायफल खांद्याला लावून नत्थुजीचा जावई भगवंत याच अचलपूरच्या दुकानातून घाटाखालच्या मचाणावर गेला होता. तिसऱ्या दिवशी आलं ते त्याचं प्रेत.

साता समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पाटलांनी मुंबईहून ही काडतुसाची रायफल मागवली ती त्याच तोऱ्यात. आता कापूस घरात पडून होता, कारण अमरावतीच्या वाटेवर वाघानं दोन गाडीवान उचलले होते. तिसरा गेला तो भगवंत.

"आता हा किसन बसते मचानावर," पाटलांनी मागं उभ्या असलेल्या गड्याकडं बोट केलं. "तो म्हनते, नळी लांब वाटते. कापाची का? तू सांगशीन तसं."

किसनच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. नखं पिवळीच होती. नत्थुजीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि मग आतल्या दाराकडं. उंबऱ्याच्या आत त्याची लेक शकुन डाळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले होते.

भगवंतही हेच म्हणाला होता. "मामाजी, विताभर कमी करा. बसल्या जागी वळली पाह्यजे."

बरोबर होतं त्याचं. लांब नळीत दारू पुरी जळते, गोळी दूर जाते. पण मचाणावरून वाघ वीस पावलांवर मारायचा, तिथं दूर जाऊन ती काय करणार? चाळीस वर्षं नळ्या घासणाऱ्या माणसाला एवढंही कळत नव्हतं असं नाही. नत्थुजीनं नळीवर खूणही केली होती. पण दुपारी शकुन भाकर घेऊन आली, नि खूण पाहून तिचा चेहरा उतरला. "बाबा, लांबच राहू द्या. लांबून मारतीन ते. जवळ तं जावं नाही लागनार." एकुलती एक पोर. नत्थुजीनं खूण पुसली आणि जावयाला धंद्यातली म्हण ऐकवली, "कापलेलं लोखंड जुळत नसते, जवाईबुवा. वापरून पाहा, नाही जमली तं घेऊन या." सासऱ्यापुढं जावई वाद घालत नाही. भगवंतानं मुकाट्यानं रायफल उचलली.

वाघ समोरून यायचा तो डाव्या अंगानं आला. प्रेत आणायला गेलेल्या लोकांत नत्थुजी होता. मचाणाच्या बेचक्यात अडकलेली नळी त्यानंच आपल्या हातानं ओढून काढली, आणि ही गोष्ट कोणाजवळ बोलला नाही. दहाव्या दिवशी शकुननं विचारलं होतं, "बाबा, आखूड असती तं वाचले असते का?"

"नाही माय. काही फरक पडला नसता."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा दोन घास खाल्ले होते. बापानं तिला देण्यासारखं तेवढंच एक खोटं होतं. आता करवत उचलली, की तेही गेलं. आणि नाही उचलली, तर हा पिवळ्या नखांचा पोरगा.

"काय म्हनतं नत्थुजी?" पाटील म्हणाले.

"राहू द्या," नत्थुजी म्हणाला. "बरोबर हाय लांबी."

"तुमी म्हनता तं ठीक हाय, काका," किसन म्हणाला. त्यानं रायफल उचलली, दोघं दुकानाच्या पायऱ्या उतरले. नत्थुजी आपल्या हातांकडं पाहत बसला. असले हात तोडून टाकावेत, असं त्याला वाटलं.

"बाबा, त्याईले हाक मारा. कापून द्या."

शकुन उंबऱ्यात उभी होती.

"तुले काय कळते त्यातलं?" नत्थुजी खेकसला.

"कळते. निंगता निंगता म्हनलं होतं त्याईनं, 'शकुन, हे मचानावर वळत नाही. मले मामाजीपुढं बोलता येत नाही, तू सांग.' मी सांगतलं नाही तुमाले."

नत्थुजीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"मंग मले काहून इचारलं, दहाव्या दिशी?"

"तुमी तरी मले बोल लावसान म्हून. कोनीतरी लावाले पाह्यजे होता." तिनं पदर तोंडाशी नेला. "तुमी तं तसं म्हनलं. म्हून जेवली मी. तुमाले वाईट वाटू नये म्हून."

आणि मग तीच दारात जाऊन किसनच्या नावानं ओरडली.

किसन परत आला. नत्थुजीनं नळी शिकंज्यात आवळली, वीत मोजली, करवत लावली. नळीचं मोकळं टोक हलत होतं, नि पातं सारखं घसरत होतं. शकुननं पुढं होऊन नळीचं दुसरं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलं. लोखंडाचा कीस तिच्या मनगटावर पडू लागला. बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं नाही.

किसन चुळबुळत म्हणाला, "लई वेळ लागन का, काका? घरी वाट पाह्यते."

"बस, बाप्पा," शकुन म्हणाली. "लागू दे वेळ."