जिभेवरची सुई

दादा सोफे शिवायचा. जाड रेक्झिनमधून सुई सरकेना की ती जिभेवर फिरवायची, ही त्याची सवय. पुढे दंडाच्या शिरेत नशा टोचायला लागला, तेव्हाही सुई आधी जिभेवर फिरवायचा. मी एकदा न्हाणीच्या दाराच्या फटीतून पाहिलं आणि ओरडले, तर म्हणतो कसा, "चिमे, साफ करून घेतोय गं."

त्याची पाठ धरली तेव्हा आम्ही दोष कामावर ढकलून मोकळे झालो. दिवसभर ओणवा बसणाऱ्याची पाठ नाही दुखणार तर कुणाची? मग ताप आला. दुखणं मारायला दादाने सुया वाढवल्या. दुखणं दबलं, आम्ही खूश. आज सकाळी खाटेवरून उठला आणि पाय रिकाम्या पोत्यासारखे दुमडले. लघवीही होईना.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाठीचा एकेक मणका दाबला. एका जागी दादा गुरासारखा ओरडला.

"इंजेक्शनं घेता का? नशेची?"

"मी? मी तर चहासुद्धा अर्धाच पितो, बाई."

वॉर्डबॉय हसला. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता : गप्प बस. मागे दंडावर गळू घेऊन आम्ही इथेच आलो होतो. तेव्हा तो खरं बोलला. 'गर्दुल्ला आहे, बाहेर बसवा,' म्हणून भिंतीशी बसवून ठेवलं आणि विसरून गेले. शेवटी तसेच उठून घरी गेलो. माणसाला खोटं बोलायला कोण शिकवतं, हे मला कुणी सांगू नये.

"ठीक आहे. एक्स-रे काढून ठेवा, उद्या हाडांचे डॉक्टर बघतील." बाई निघाल्या.

उद्या? मी चादरीखाली हात घातला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला.

"दादा, कळतंय?"

"काय कळतंय?"

मी नख रुतवलं होतं.

"घेतो!" मी किंचाळले. "रोज घेतो! सुई चाटून घेतो!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"चिमे, तोंड आवर!"

"तुझी लाज सांभाळू की पाय?"

बाई धावतच परत आल्या. "मणक्यात पू झाला असणार. मज्जारज्जू दाबला जातोय. लगेच एमआरआय, आणि पू असेल तर ऑपरेशन."

"पाय परत येतील ना?"

"लवकर बोलला असतात तर..."

"मागच्या वेळी बोललो होतो, बाई. तुम्ही बाहेर बसवलंत."

त्यांनी मान खाली घातली. ती खाली घातलेली मान माझ्या काय कामाची?

ऑपरेशन झालं, पू निघाला. दादा शुद्धीवर आला तेव्हा बाई हातात टाचणी घेऊन त्याच्या पायाशी उभ्या होत्या. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

त्याने डोळे गच्च मिटले. मी त्याचा हात धरला. तो घामाने निथळत होता.

"टोचा ना, बाई," दादा म्हणाला. "मी सुईला घाबरत नाही."

टाचणी टाचेत रुतलेलीच होती.