माहेरचा घास

मी तोंडाने फटकळ आहे, आमच्या चाळीत कुणालाही विचारा. शोभाबाई चर्चला जाते पण तिच्या जिभेचा बाप्तिस्मा राहिलाय, असं लोक म्हणतात. म्हणू देत. आठ महिन्यांपूर्वी आमचे हे गेले आणि तेव्हापासून जीभ तेवढी चालते, बाकी आत सगळं गप्प आहे. रडू येत नाही, हसू येत नाही. साड्यांना लेस लावते, दोन घास गिळते, आडवी होते.

त्या रविवारी पास्टर म्हणाले, प्रीती बोलून दाखवायची नसते, करून दाखवायची असते. मी मनात म्हटलं, यांना सांगायला काय जातंय. करायला हात आहेत माझे, पण प्रीती कुठून आणू?

सोमवारी शेजारच्या खोलीतला कुंदन गेला. कामरेजला कापडाचा माल घेऊन निघाला होता, वाटेत टेम्पो उलटला. पंचवीस वर्षांचा पोरगा. मागे त्याची बायको योगिता आणि अडीच महिन्यांची मुलगी. बातमी ऐकून अख्खी चाळ रडली. मी उभी होते, मला काही झालं नाही.

दोघं शिरपूरकडचे, पळून येऊन लग्न केलेले. कुंदनची आई उषाबाई, ती त्याच संध्याकाळी गावाहून आली आणि दारात बसली. अंत्यविधी झाला, माणसं पांगली. मयताच्या घरात चूल पेटत नाही, पहिला घास बाहेरून येतो, हे मलाही माहीत होतं. पण त्यांच्या घराण्यात रांडावलेल्या सुनेला तो घास तिच्या माहेरचाच लागतो. आणि योगिताच्या बापाने, त्या दगा पाटलाने, लग्नाच्या दिवसापासून तिचं नाव टाकलेलं.

मंगळवारी समोरची साक्षी खिचडी घेऊन गेली. उषाबाईने दारातूनच परत पाठवली. "तिना माहेरना घास येवाले जोयजे पहिले," एवढंच बोलली. बाया चहा देऊन परत फिरल्या. दुसऱ्याच्या घरची रीत, कोण मध्ये पडणार?

बुधवारी सकाळपासून ते लेकरू रडत होतं. भुकेलं पोर कसं रडतं ते बाईला कळतं. मध्ये एकच भिंत. योगिता पाजायला घ्यायची, ते दोन मिनिटं ओढायचं आणि पुन्हा किंचाळायचं. आईच्या पोटात दोन दिवस नुसता चहा, तर दूध येणार कुठून? साक्षीने वाटीचमच्याने दूध पाजून पाहिलं, ते त्याने सगळं ओकून टाकलं. दुपारी तर त्याचा आवाजच बसला. नुसती घरघर ऐकू यायला लागली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. दया वगैरे आली नाही हो, खरं सांगते. उषाबाईचा राग आला. म्हटलं, पोरगा गेला म्हणून आता सून आणि नात पण घालवतेस का, म्हातारे? उठले, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, दोन भाकरी थापल्या, वाटीभर वरण घेतलं आणि निघाले.

उषाबाईने पाय आडवा टाकला. "हाई काय शे?"

"माहेरना घास शे," मी म्हटलं. मी नवापूरची, ख्रिस्ती, माझा आणि पाटलांचा काय संबंध? पण अहिराणी येते मला. "मी मावशी शे तिनी."

खोटं बोलणं पाप आहे. देवाला नंतर सांगेन म्हटलं.  उषाबाई मला दोन दिवस संडासाच्या रांगेत बघत होती, शेजारीण आहे हे तिला पक्कं ठाऊक. भांडायची तयारी ठेवून उभी होते मी. पण तिने हळूच पाय मागे घेतला.

योगिता भिंतीला टेकून बसलेली. ताट पुढे ठेवलं तर तिने तोंड फिरवलं.

"मावशी, माले नको कोणी दया."

"दया नाहीच आलेली," मी म्हटलं. "आठ महिने झाले, मला कुणाचीच येत नाही. तू उपाशी आहेस आणि मला भाकरी करता येते, बस. खा."

 मग तिने भाकरी मोडली. पहिला घास तोंडातच फिरत राहिला, दुसरा गेला. एक भाकरी संपली, दुसरी संपली, वाटी तिने बोटाने पुसून घेतली. मी पाणी दिलं. तासाभराने तिने लेकरू छातीशी घेतलं आणि ते ओढत राहिलं, सोडेना. हळूहळू घरघर थांबली.

रिकामं ताट घेऊन मी बाहेर आले. उषाबाईला आता चांगले चार शब्द ऐकवायचे, असं ठरवूनच आले होते.

ती माझ्याकडे न बघताच बोलायला लागली. "नऊ फोन करात तिना बापले. पोर उपाशी शे, तुन्हा घासवाचून खात नही, इतलं सांगं. माले वाटनं, बाप शे, येई. आते तिले माहेरबिगर कोण शे? मन्हा कुंदन तं गया." पदराने तोंड पुसलं. "तू मावशी नही, माले माहीत शे. पन बरं करं."

तिची नजर माझ्या हातातल्या रिकाम्या ताटावर गेली. मी विचारलं, "उषाबाई, तुम्ही कधी जेवलात?"

"सोमवारे सकाये."

तिचाही पोरगा गेला होता, आणि मी भाकरी दोनच आणल्या होत्या. आठ महिन्यांत मला काही वाटलं नव्हतं. त्या दारात उभं राहून मला लाज वाटली.