हिरवं फार लवकर आलं

चाळीस सेकंद.

बहिणीच्या हातावरचं प्लास्टर. त्यावर भाचीने स्केचपेनने काढलेलं मांजर.

००४१७.

शाळेच्या फाटकावरच्या काकूंची एका बाजूने कललेली खुर्ची.

कोर्टाचा कागद: मुलगी वडिलांच्या ताब्यात देऊ नये.

भाचीची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, तेव्हा असल्या मनाईच्या याद्या दोन झाल्या, जुनी आणि नवी. कुणीतरी त्या एकाखाली एक जोडून एकच व्ह्यू, म्हणजे एकत्र दिसणारी यादी, केला. काकूंनी फाटकावर एका मुलाचा नंबर टाकला, की डेटाबेस दोन्ही याद्या अख्ख्या उपसायचा आणि मग शोधायला लागायचा. यात चाळीस सेकंद जायचे, तोवर पालकांची रांग कुरकुरायची. ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, सुधारायचं काम भाचीच्या मावशीच्या ऑफिसात आलं, मावशीकडेच. तिने नंबर आधी प्रत्येक यादीत पोचवला, दोन्हीकडे पुस्तकामागच्या सूचीसारखा इंडेक्स लागला, आणि दीड वाजता उत्तर चुटकीसरशी यायला लागलं. साहेब म्हणाले, "हात लावलास की पळायलाच लागतं बघ."

पावणेचारला चहा पिताना तिच्या ध्यानात आलं. जुन्या यादीत नंबरांच्या आधी शून्यं होती, नव्या यादीत नव्हती. ती गाळून नंबर जुळवणारा क्वेरीतला तुकडा तिनेच काढून टाकला होता. त्याच्यापायी इंडेक्स लागत नव्हता. तिने भाचीचा नंबर टाकला. ४१७.

लगेच हिरवं. हरकत नाही.

शाळा साडेतीनला सुटते. तिने फाटकावर फोन लावला.

"काकू, माझी भाची..."

"चिमणी ना? तिचे बाबा आले होते मघाशी."

"दिलीत?"

"ऐकून तर घे. मी रोज मनात चाळीस मोजते. आज एकवरच हिरवं. म्हटलं, हे न वाचताच पास करतंय. सगळी पोरं बसवून ठेवलीयेत, तुझी माझ्या मांडीवर. रांग बोंबलतेय नुसती."

"आणि भावोजी?"

"फाटक धरून उभे आहेत. हलवतायत." मागून लोखंडाचा आवाज आला. "तू ये बाई. मागच्या दाराने ये."

मावशीने जुनी क्वेरी परत चढवली. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. "काकू, आता टाका नंबर."

"टाकला. एक. दोन. तीन."

मावशी जिना उतरायला लागली. फोन कानाशीच होता.

"एकोणचाळीस. चाळीस," काकू म्हणाल्या. "लाल."

मागे लोखंड वाजतच होतं.

दुपारी मावशीने पन्नास मुलांवर चाचणी घेतली होती, आणि ती पन्नासही नव्या यादीतली होती.