खराब ती काढ

दादाने पाटीवरची माशांची जिवंत अंडी एकूण एक उचलून काढली होती आणि मेलेली तेवढी जपून ठेवली होती. वर कौतुकाची वाट बघत उभा होता. "बघ छोटी, मोत्यांसारखी राखलीत की नाही?"

ती दारातच थांबली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून डोळे चुरचुरत होते, पण हे दिसायला फार नजर लागत नव्हती. काचेच्या बरणीत, निळ्या औषधाच्या पाण्यात, माशांनी अंडी घातलेला दगडी पाटीचा तुकडा उभा होता आणि त्यावर उरली होती पांढरीफटक अंडी. माशाचं अंडं पांढरं पडलं की ते मेलं. त्याला बुरशी धरते, ती शेजारच्यांनाही धरते, म्हणून ते काढायचं. जिवंत अंडं आरपार असतं, निरखून पाहिल्याशिवाय दिसतसुद्धा नाही.

"तूच म्हणालीस, खराब ती काढ," दादा म्हणाला.

म्हणाली होती. तेवढंच म्हणाली होती. बाबांच्या घरात वाढलेल्या माणसाला खराब अंडं कुठलं हे सांगावं लागेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि याचाही तिला आता राग येत होता.

काळ्या एंजल माशांचा हा वाण बाबांनी तीस वर्षं राखला होता. आता एकच जोडी उरली होती आणि मादी म्हातारी झालेली. ही तिची शेवटचीच खेप म्हणायची. मासे आपलीच अंडी गिळतात, म्हणून पाटी बरणीत हलवायची; आई पंखांनी वारा घालते, त्याऐवजी हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवायचं; हे सगळं तिला बाबांनीच शिकवलेलं. सहा महिन्यांपूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात तेवढा चाले, तोही थरथरत. रोज सकाळी ती त्यांची चाकांची खुर्ची या टेबलासमोर लावून कामाला जायची.

आजही लावली होती. हे आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबांच्या डोळ्यांदेखत काढलीस?"

"काढू कसले देतायत! पहिल्या अंड्यापासून नुसता आरडाओरडा. खुर्चीवर हात काय आपटतायत, घशातून आवाज काय काढतायत. डोकं उठवलं माझं."

"का ओरडतायत, हे विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारून काय करू? उत्तर थोडंच देणार होते?"

तिने पिशवी जमिनीवर आदळली. "अरे, तीस वर्षांचं काम तू त्यांच्यासमोर एकेक करून उचकटत होतास! त्यांना तोंड नाही, पण तुला कान होते ना? महिन्यातून एक दिवस येतोस, आणि येऊन हे दिवे लावतोस?"

"आवाज खाली कर. मासेच आहेत. घालतील पुन्हा."

"नाही घालणार!" तिचा आवाज फाटला. "कुठे टाकलीस?"

"बरणीतलंच पाणी घेऊन पेल्यात काढली होती. ओतायला निघालो तर बाबांनी पेलाच धरला. सोडेनात, म्हटलं बसा घेऊन. खुर्ची आत नेऊन ठेवली." दादा जरा घुटमळला. "आणि हो, कपडे ओले केलेत त्यांनी. ते तू बघ. मला नाही जमत ते."

"कधी नेऊन ठेवलंस?"

"झाले असतील तीनेक तास."

ती आत धावली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दादाने खुर्ची वळवायचेही कष्ट घेतले नव्हते. पायजमा मांडीपर्यंत भिजला होता. तिने वाकून पाहिलं. डाग निळा होता.

मांडीवर पेला होता आणि त्याभोवती बाबांची डावी मूठ आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. हात नेहमीसारखा थरथरत होता. त्या थरथरीने पेल्यातलं पाणी सारखं हलत होतं, काठावरून थोडं थोडं सांडत होतं, आणि तळाशी आरपार अंडी सावकाश घुमत होती. तिने खिशातलं भिंग काढून लावलं. एकही पांढरं पडलं नव्हतं.

तीन तास. तिला बाबांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि बाहेर जाऊन दादाला बडवावंसंही वाटलं.

दादा मागे येऊन उभा राहिला होता. "म्हणजे वाचली ना? मग एवढा तमाशा कशाला?" त्याने पेल्याला हात घातला. "द्या बाबा, मी ठेवतो बरणीत."

मूठ सुटेना. दादाने जरा ओढून पाहिलं, तशी बाबांनी कोपर पोटाशी घट्ट दाबलं.

तिने पेल्याखाली तळवा धरला. "बाबा, मी आले."

एकेक करत बोटं उघडली. तिने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि दाराकडे वळली.

"कोरडा पायजमा खालच्या खणात आहे," ती दादाला म्हणाली. "बदल त्यांचा. आणि ते ओरडले, तर थांब आणि बघ."