हत्तीचे दप्तर कॉलेजात जाते

मित्रांनो, माझ्यावर हत्तीचे चित्र आहे म्हणून मला बालवाडीतले समजू नका. मी चांगले कॉलेजात शिकलेले दप्तर आहे!

एका शिंप्याने मला जाड निळ्या कापडातून शिवले. दुकानात भिंगरीने मला जे पोटाशी कवटाळले, ते सोडलेच नाही. भिंगरी हे तिचे लाडाचे नाव. ती एका जागी ठरतच नसे. पहिली-दुसरी आम्ही जोडीने काढली. मग तिला मोठे दप्तर आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी धूळ खात पडले. कुणी विचारीना, कुणी हात लावीना.

एके सकाळी भिंगरीच्या आईने मला खाली काढले, धुतले, उन्हात वाळवले. घरात या मायलेकी दोघीच. आई औषधांच्या दुकानात कामाला जाई. शिक्षिका होण्यासाठी सुरू केलेले तिचे शिक्षण लेकीच्या जन्माच्या वेळी सुटले होते. आता तिने पुन्हा नाव घातले होते.

"आई, तू हत्ती घेऊन कॉलेजला जाणार?" भिंगरी खो-खो हसली.

"मग! त्याचंही शिक्षण दुसरीतच थांबलंय."

आणि काय सांगू, माझे दिवसच पालटले! माझ्या पोटात जाडजूड पुस्तके, त्यांना खेटून डबा आणि तळाशी भिंगरीचा एखादा चुकार मोजा. आईचा एक डोळा पुस्तकावर, एक कढईवर. भाजी करपली की भिंगरी म्हणे, "आज अभ्यास झालेला दिसतोय!"

अखेर परीक्षेचा दिवस आला. आईला परीक्षक बाईंसमोर एक पाठ शिकवून दाखवायचा होता. त्यात नापास झाली, तर वर्ष वाया. नेमकी त्याच दिवशी भिंगरीच्या शाळेला सुट्टी आणि तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशींची दाढ ठणकत होती. आईने लेकीलाही बरोबर घेतले. भिंगरीने आपला पांढरा चेंडू गुपचूप माझ्यात कोंबला.

"मागच्या बाकावर बस. तोंडातून अक्षर काढायचं नाही," आईने बजावले.

पाठ चंद्राच्या कलांचा होता. आईने तक्ता टांगला आणि पाठ केलेले घडाघडा बोलू लागली. विद्यार्थी म्हणून बाकांवर बसलेले तिचे कॉलेजातले सोबती माना डोलावत होते.

"समजलं ना?" आईने विचारले.

"हो!" सगळे ओरडले.

मागून एक छोटा हात वर आला. "मला नाही समजलं. चंद्राला कापतं कोण?"

वर्गात हशा पिकला. आई लालबुंद झाली. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

आईने तक्त्यावर दाखवायची छडी खाली ठेवली. "कुणीच कापत नाही. ये इकडे. खिडकी म्हणजे सूर्य, तू पृथ्वी. आता चंद्र..." ती काहीतरी गोल शोधू लागली.

"दप्तरात आहे!" भिंगरी म्हणाली.

आईने माझ्यातून चेंडू काढून तिच्या हातात दिला. "हात लांब कर, जरा उंच धर. आता जागच्या जागी हळूहळू फिर. काय दिसतंय?"

"उजेडाची कोर! अर्धा झाला... अगं आई, पूर्ण! कुणी नाही कापलं!"

परीक्षक बाई उठल्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी भिंगरीपुढे हात केला.

"दे बरं. मलाही बघू दे."

आणि मित्रांनो, त्या कडक बाई भर वर्गात चेंडू धरून गोल फिरल्या!

आई पास झाली. आज ती तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि मला रोज बरोबर नेते. माझे बंद झिजलेत, शिवण उसवते. दर सुट्टीत भिंगरी दोन टाके घालते.

माझे एवढेच मागणे आहे. दप्तर मिटेनासे होईपर्यंत कोंबू नका. आणि घरात कुणी मोठे माणूस पुस्तक उघडून बसले, तर टीव्हीचा आवाज कमी करा आणि भाजी तेवढी तुम्ही ढवळा!